व्हिसाचे दोन लाख आणि एकच बचत

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. यजमानांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. आमच्या मुलीला इंग्लंडमध्ये लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय, कोर्स सप्टेंबर २०२६ च्या शेवटी सुरू होतो. फी २४,५०० पौंड, त्यातले ३,००० आम्ही भरले. बँकेने ३५ लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर केलंय आणि आमची स्वतःची बचत सहा लाख आहे. माझा पुतण्या २०१९ मध्ये गेला तेव्हा व्हिसाचे साधारण सत्तर हजार लागले होते, म्हणून आम्ही वहीत व्हिसासमोर एक लाख लिहून निश्चिंत होतो. आता मुलगी म्हणते, दोन लाखांच्या वर जातील. एजंट फसवतोय का, असं मला वाटायला लागलंय. माझा भाऊ पाच लाख द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, एक वर्ष थांबू, तोवर खर्च खाली येईल. काय करावं? रात्री झोप लागत नाही.

— एक आई, कराड

उत्तर

ताई, आधी एजंटाचं. तो फसवत नाहीये, निदान या बाबतीत तरी नाही. आकडा खरा आहे, आणि तो कसा झाला हे एकदा नीट समजलं की निम्मी धाकधूक जाईल.

विद्यार्थी व्हिसासाठी ब्रिटिश सरकार दोन वेगळ्या रकमा घेतं. एक अर्जाची फी. दुसरी आरोग्य अधिभाराची, जिला सगळे आयएचएस म्हणतात. तुमचा पुतण्या गेला तेव्हा अर्जाची फी ३४८ पौंड होती आणि अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ३०० पौंड. एक वर्षाच्या कोर्सला दीड वर्षाचा अधिभार पडतो, म्हणजे ४५०. दोन्ही मिळून ७९८ पौंड, आणि तेव्हा पौंड नव्वदच्या आसपास होता. सत्तर-बहात्तर हजार झाले. तुमच्या आठवणीत काही चूक नाही.

पुढे काय झालं ते पाहा. अधिभार २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड होता. २०१९ मध्ये ३००, ऑक्टोबर २०२० मध्ये ४७०, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून ७७६. अर्जाची फी ऑक्टोबर २०२३ मध्ये ३६३ वरून एकदम ४९० झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ५२४. ही फी बहुतेक एप्रिलमध्ये हलते, म्हणून मी तुमच्या हिशेबात ५६० धरते. अधिभार ७७६ अधिक त्याचा अर्धा, म्हणजे १,१६४. एकूण १,७२४ पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर दोन लाख सात हजार होतात. पौंडातला आकडा दुपटीच्या वर गेला, त्यात रुपया घसरला, आणि दोन्ही मिळून सत्तर हजारांचे दोन लाख झाले.

यजमानांच्या 'एक वर्ष थांबू' या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. हा अधिभार सुरू झाल्यापासून एकदाही खाली आलेला नाही. जुलै २०२३ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान असताना त्यांच्या सरकारने उघडच सांगितलं होतं की सरकारी नोकरांच्या पगारवाढीचा पैसा व्हिसाच्या फी आणि हा अधिभार वाढवून उभा करणार. सरकार बदललं, फीची वाढ थांबली नाही. दुसरीकडे स्वस्त पडेल असंही नाही. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १,६०० केली आणि पुढच्याच जुलैत २,०००. थांबायचं तर मुलीच्या अभ्यासाच्या कारणाने थांबा, फी कमी होईल या आशेवर मुळीच नको.

आता मला तुमच्या वहीबद्दल बोलायचंय, कारण खरी अडचण व्हिसाच्या रकमेत नाही, ती त्या सहा लाखांत आहे. ते सहा लाख तुम्ही नकळत दोनदा धरलेत.

मुलीला व्हिसासाठी पैसे *दाखवावे* लागतात: पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च. हा खर्च लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड धरतात (नोव्हेंबर २०२५ पासूनचा दर, लंडनला १,५२९). नऊ महिन्यांचे १०,५३९ आणि उरलेली फी २१,५००, म्हणजे ३२,०३९ पौंड. १२० च्या भावाने साडेअडतीस लाखांच्या जवळ. पौंड १२५ झाला तर चाळीस लाख. तुमचं कर्ज ३५ लाखांचं. वरचे साडेतीन ते पाच लाख बँकेत पडून असलेले दाखवायचे आहेत, आणि ते तुम्ही त्याच सहा लाखांतून दाखवणार आहात. शिवाय व्हिसाची फी, अधिभार, टीबीची तपासणी, खोलीचं डिपॉझिट, विमानाचं तिकीट हेही सगळं त्याच सहा लाखांतून जाणार आहे.

कर्जातून हे खर्च भागतील असं धरून चालू नका. बँक फीचे पैसे थेट विद्यापीठाला पाठवते, आणि तेही बहुतेक वेळा व्हिसा हातात आल्यावर. अर्जाची फी आणि अधिभार मात्र अर्जाच्या दिवशीच, आधी, पूर्ण भरायचे असतात. काही बँका 'इतर खर्च' म्हणून हे पैसे नंतर परत देतात. शाखेत जाऊन मंजुरीपत्रात ते लेखी आहे का, एवढं विचारून या. असलं तरी ते नंतर मिळणारे पैसे आहेत. आज लागणारे वेगळे हवेत. परदेशी शिक्षणाच्या कर्जात बँका साधारण १५ टक्के हिस्सा कुटुंबाने घालावा अशी अट घालतात, तीही पाहून घ्या, कारण तो हिस्साही पुन्हा त्याच सहा लाखांवर येऊन बसेल.

म्हणून दोन खाती करा. पहिल्या खात्यात फक्त दाखवायचे पैसे, आणि त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात व्हिसाचे अडीच लाख, फक्त खर्चायचे. अडीच यासाठी की पौंड १२५ धरला तर फी आणि अधिभार मिळून २ लाख १५ हजार होतात, आणि वरच्या ३५ हजारांत कार्डाचे चार्जेस, टीबीची तपासणी, कागदांची भाषांतरं, पुण्याच्या फेऱ्या हे बसतं. तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट याच्या बाहेर.

पहिल्या खात्याचा नियम कडक आहे. पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत आणि त्या काळात शिल्लक एका दिवसासाठीही ठरलेल्या रकमेच्या खाली जाता कामा नये. शेवटची शिल्लक अर्जाच्या आधी ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. हे घरात कसं बिघडतं ते सांगते. समजा तुमच्या पगाराच्या खात्यात पाच लाख दोन हजार आहेत आणि दाखवायचे आहेत बरोबर पाच लाख. एकोणिसाव्या दिवशी एलआयसीचा हप्ता आपोआप कापला जातो, चार हजार सहाशे. शिल्लक चार लाख सत्त्याण्णव हजार चारशे. संध्याकाळी यजमान दुकानातून दहा हजार भरतात, पण उपयोग नाही, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून हे पैसे अशा खात्यात ठेवा जिथून कुठलाही हप्ता, सोसायटीचं कर्ज किंवा विजेचं बिल कापलं जात नाही. आणि वर निदान पन्नास हजारांची मोकळी जागा ठेवा, कारण रुपयाचे पौंड करताना व्हिसा अधिकारी अर्जाच्या दिवसाचा ओआंडा या चलनदराच्या संकेतस्थळाचा भाव धरतात, तुमच्या बँकेचा नाही.

एफडी दाखवता येते, फक्त ती हवी तेव्हा मोडता येण्यासारखी असावी. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतलात तर ती बँकेकडे अडकली, मग दाखवता येणार नाही. खर्चाच्या अडीच लाखांसाठी काही कमी पडत असेल तर त्यापेक्षा सोन्यावर तीन-चार महिन्यांचं कर्ज काढलेलं मला बरं वाटतं. दाखवायच्या पैशाला धक्का लागत नाही.

आता तुमच्या भावाचे पाच लाख. इथे बरीच घरं अडतात. मुलीसाठी मामाच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. काकाचेही नाहीत, मोठ्या भावाचेही नाहीत. स्वतः विद्यार्थिनीचे किंवा आई-वडिलांचेच चालतात. आपल्याकडे मामाने भाचीच्या शिक्षणाला हातभार लावणं किती सहज आहे हे त्या अर्जाला कळत नाही. पण मार्ग आहे. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर आपल्याकडे आयकर लागत नाही. त्यांनी ते पैसे तुमच्या खात्यात बँकेतूनच पाठवावेत, रोख नकोत, सोबत 'भेट म्हणून दिले, परत घेणार नाही' असं साधं पत्र द्यावं, आणि हे अर्जाच्या बऱ्याच आधी व्हावं. ते खरोखर मुलीसाठी देत असतील तरच हे करा. व्हिसा झाल्यावर परत करायच्या बोलीवर पैसे घेऊन दाखवू नका.

याच बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. 'फंड दाखवून देतो, २८ दिवसांचं व्याज द्या' असं म्हणणारी माणसं पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत सगळीकडे भेटतात. मुलीच्या खात्यात एकाएकी पाच लाख येतात, महिन्याने नाहीसे होतात. तपासात हे उघड झालं आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचा दरवाजा बंद होऊ शकतो. पुढे कुठल्याही देशाच्या अर्जात 'आधी व्हिसा नाकारला होता का' याला तिला हो म्हणावं लागेल. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर असा डाग लागू देऊ नका, मग खोली लहान घ्यावी लागली तरी चालेल.

पालकांचे पैसे दाखवताना नातं सिद्ध करावं लागतं: मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र. आपल्याकडची नेहमीची भानगड इथे निघते. दाखल्यावर आईचं नुसतं नाव, किंवा माहेरचं आडनाव, किंवा घरी हाक मारतात ते नाव. बँकेत सासरचं पूर्ण नाव. पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. आज संध्याकाळी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका, तिथे आठवडे जातात. तुमच्या नावात फरक आणि यजमानांचं नाव मात्र तिन्हीकडे सारखं असेल तर पैसे त्यांच्या खात्यात ठेवा, प्रश्न मिटला. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

कर्जाच्या पत्राला २८ दिवसांचा नियम नाही, पण पत्र अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं, कर्ज मुलीच्या नावावर असावं, आणि त्यात 'व्हिसा मिळाल्यास' याखेरीज दुसरी अट नसावी. आपल्या बँका मंजुरीपत्रात 'जामिनाची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर' असं वाक्य टाकतात. ते तसंच अर्जाला लावलं तर अडचण येते. कागदपत्रं पूर्ण करून सुधारित पत्र मागून घ्या.

आता भरण्याच्या दिवसाकडे येऊ. मुलगी ऑनलाइन अर्जात आधी अधिभार भरेल, मग फी. भारतातून अर्ज करताना पडद्यावर बहुतेकदा रक्कम पौंडात नाही, अमेरिकन डॉलरमध्ये दिसते, आणि त्यांनी लावलेला भाव बाजारापेक्षा थोडा चढा असतो. गोंधळू नका, तसंच असतं. मात्र कार्ड कुठलं वापरता याला महत्त्व आहे. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. दोन लाख सात हजारांवर हे साडेआठ हजार होतात. कमी चार्जचं कार्ड घरात कुणाकडे आहे का पाहा. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना आणि मर्यादा पुरेशी आहे ना, हे बँकेला आदल्या आठवड्यात विचारा. दीड लाखाच्या मर्यादेवर दोन लाख भरायला जाऊन रात्री अकराला घरभर धावपळ होते. व्हिसा नाकारला तर अर्जाची फी गेली, अधिभार परत येतो, आणि येतो तो त्याच कार्डावर. म्हणून लवकर बंद करायचं असलेलं कार्ड वापरू नका.

मुलीला एक सांगा: ऑफर लेटरवरच्या कोर्सच्या सुरू आणि शेवटच्या तारखा तिने बोटावर मोजाव्यात. व्हिसा कोर्सच्या महिनाभर आधीपासून नंतरच्या चार महिन्यांपर्यंतचा मिळतो. बारा महिन्यांचा कोर्स म्हणजे सतरा महिन्यांचा व्हिसा. वरचे सहा महिन्यांच्या आत, म्हणून अर्ध्या वर्षाचा अधिभार. कोर्स तेरा महिन्यांच्या पुढे गेला की पूर्ण दुसरं वर्ष मोजतात आणि ३८८ पौंड वाढतात, जवळजवळ सत्तेचाळीस हजार. माहीत असलेलं बरं, म्हणजे ऐनवेळी धक्का बसत नाही.

पैसे वाचवायला खरी जागा एकच आहे, वेळ. साधारण निर्णय तीन आठवड्यांत येतो. तातडीच्या सेवेला ५०० पौंड जास्त, म्हणजे साठ हजार, अतितातडीला १,०००. तुम्ही जूनअखेर पैसे लावून ठेवलेत आणि कॅस (विद्यापीठाकडून येणारी, अर्जाला लागणारी प्रवेशनिश्चिती) आल्याबरोबर जुलैच्या अखेरीस अर्ज केलात तर यातलं काही लागणार नाही. पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, साधी वेळ घ्या, कागद घरूनच अपलोड करा. तिथे लाउंज, एसएमएस, स्कॅनिंग अशा सेवा सुचवल्या जातील. त्या ऐच्छिक आहेत, व्हिसा मिळण्याशी त्यांचा संबंध नाही.

अधिभार भरला की तिला तिथे डॉक्टरकडे आणि सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात. त्यामुळे कुणी वेगळा आरोग्य विमा गळ्यात मारू पाहिला तर आधी विचार करा. दातांचे आणि चष्म्याचे पैसे मात्र तिथे वेगळे पडतात. दाढेचं काही काम राहिलं असेल तर कराडलाच उरकून घ्या.

एका खर्चाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलगी शिकून लगेच परत येणार आहे, की तिथे थोडं काम करून कर्ज फेडायचा बेत आहे? बेत असेल, तर शिक्षणानंतरच्या व्हिसाला पुन्हा पैसे लागतात, तिकडेच, विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत. त्याची फी एप्रिल २०२५ मध्ये ८८० पौंड होती, मी साडेनऊशे धरते. त्यावर अधिभार, आता विद्यार्थ्याच्या सवलतीशिवाय, वर्षाला १,०३५. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा व्हिसा दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळणार आहे, आणि तुमची मुलगी त्यातच येईल. दीड वर्षाचे १,५५२ धरले तर सगळे मिळून अडीच हजार पौंड. तीन लाख रुपये, आणि तेही तिला अजून नोकरी नसताना. कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, त्यातून खोलीभाड्याबरोबर ही रक्कम उभी राहील असं धरू नका. भावाच्या पाच लाखांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आधी ते भेट म्हणून तुमच्या खात्यात दाखवायला, मग त्यातले तीन लाख मुलीच्या दुसऱ्या व्हिसासाठी एक वर्षाच्या एफडीत. नोकरी मिळाली आणि ती कामगार व्हिसावर गेली, तर प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि कौशल्य शुल्काचा खर्च कंपनीनेच करायचा असतो. तो तिच्याकडून मागणारी कंपनी सोडून द्यायची, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

करांचं थोडक्यात: शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर, नाही. स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतही नाही. तुम्ही तिथवर पोहोचत नाही, तेव्हा यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

टीबीची तपासणी विसरू नका. ती ब्रिटनने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते, घरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेमध्ये शंका आली आणि थुंकीची तपासणी लागली तर त्यात दोन महिने जाऊ शकतात, म्हणून जुलैपर्यंत थांबू नका. मेच्या सुट्टीत तुम्हाला शाळा नसेल, तेव्हाचीच वेळ घ्या.